सात जोड्या पाय आणि एक नाव: ॲम्फिपॉड ओळखायचा कसा, आणि कशासाठी?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हिला झालंय काय? विषय आहे ॲम्फिपॉड. समुद्रातला एक छोटासा प्राणी, कोळंबी आणि खेकड्याचा लांबचा भाऊबंद. बहुतेक जाती तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या किंवा त्याहून लहान. आणि हे सांगतेय कोण, तर चाकणच्या पट्ट्यात क्वालिटी इन्स्पेक्शन करणारी मी. समुद्र गाठायचा तर आपल्याला घाट उतरून तीन-चार तास लागतात. मग आपला काय संबंध?

संबंध आहे. पहिला संबंध आकुर्डीत आहे. रावेत रोडला, प्राधिकरणाच्या सेक्टर २९ मध्ये, झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. झेडएसआय म्हणतात तिला. १९१६ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था देशातल्या प्राण्यांची नोंद ठेवते: कोणता प्राणी, कुठे सापडला, त्याचं नाव काय. म्हणजे प्राण्यांना नाव देण्याचं, त्यांचे नमुने जपण्याचं काम आपल्या ऑटो पार्ट्सच्या कारखान्यांच्या शेजारी चालतं. दुसरा संबंध जरा वेळाने सांगते, तो आपल्या मालाचा आहे.

आधी प्राणी बघू.

कोळंबी डोळ्यांसमोर आणा. तिच्या डोक्यावर आणि छातीवर मिळून एक अख्खं कवच असतं, सोलताना आपण काढतो ते. डोळे छोट्या दांड्यांवर असतात. बाजारात मिळणारा जवळासुद्धा याच घाटाचा, फक्त बारीक. ॲम्फिपॉडला तसं अख्खं कवच नसतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळे भाग सुटे सुटे दिसतात. आणि डोळे दांडीवर नसतात, थेट डोक्यावर बसवलेले असतात.

आता दुसरा नातेवाईक बघा. कुंडी उचलली की खाली राखाडी रंगाचा, खूप पायांचा किडा पळताना दिसतो ना? त्यातले बरेचसे आयसोपॉड असतात. आयसोपॉड वरून दाबल्यासारखा, पुरीसारखा चपटा. ॲम्फिपॉड दोन्ही बाजूंनी दाबलेला, म्हणजे कडेवर उभी ठेवलेली करंजी. पाठीला तसाच बाकही असतो. सपाट जागेवर ठेवला तर बरेचसे ॲम्फिपॉड एका कुशीवर पडून वळवळतात. बीचवर ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच.

आता पाय मोजू. शांतपणे ऐका, कारण सगळी गंमत पायांत आहे.

छातीला सात जोड्या. पहिल्या दोन जोड्या पकडण्यासाठी, त्यांना नॅथोपॉड म्हणतात. टोकाला नख असतं आणि ते मागे वळून तळव्यावर मिटतं, प्लायरसारखं. उरलेल्या पाच जोड्या चालायच्या. त्यातल्या दोन जोड्या एका दिशेला वळलेल्या आणि मागच्या तीन उलट दिशेला. ॲम्फिपॉड या नावाचा उगम तोच: ग्रीकमध्ये ‘ॲम्फी’ म्हणजे दोन्हीकडे आणि ‘पोड’ म्हणजे पाय. फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेय याने १८१६ साली हे नाव दिलं.

छातीच्या मागे पोट. तिथे तीन जोड्या पोहण्याच्या, सतत हलत पाणी मागे ढकलणाऱ्या. त्यामागे आणखी तीन जोड्या, आखूड आणि कडक, त्या यूरोपॉड. किनाऱ्यावरचा ॲम्फिपॉड शेपूट पोटाखाली दुमडतो आणि एकदम सोडतो, त्या झटक्यात उडी बसते. सगळ्यात शेवटी टेल्सन नावाचा छोटा तुकडा. बेरीज करा: सात, तीन आणि तीन. तेरा जोड्या, आणि प्रत्येक गटाचं काम वेगळं.

एकाच अंगावर इतक्या प्रकारचे पाय आले कुठून? हा प्रश्न पडलेले आपण पहिले नाही. पॅर्‍हायले हवायेन्सिस नावाचा ॲम्फिपॉड उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर सापडतो आणि प्रयोगशाळेत सहज वाढतो. अमेरिकेत नीपम पटेल यांच्या प्रयोगशाळेत त्याच्या अंड्यांमधले हॉक्स जीन क्रिस्पर तंत्राने एकेक करून बंद केले. २०१६ साली ते काम प्रसिद्ध झालं. जीन बंद केला की पायाची जातच बदलायची. पोटावर जिथे पोहण्याचे पाय यायचे, तिथे चालायचे पाय आले. म्हणजे कुठल्या भागावर कोणता पाय बसवायचा याची सूचना जीनमध्ये असते. असेंब्ली लाइनवर कोणत्या स्टेशनला कोणता पार्ट, तसं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा अवयव. मादीच्या छातीखाली, पायांच्या मुळाशी, पातळ पात्या असतात. त्या एकमेकींवर आल्या की पिशवी तयार होते. अंडी त्या पिशवीत राहतात आणि पिल्लं बाहेर पडतात ती थेट छोटे ॲम्फिपॉड होऊन. कोळंबी आणि खेकड्याची पिल्लं आधी सूक्ष्म रूपात पाण्यात तरंगतात आणि प्रवाहाबरोबर दूर जातात. ॲम्फिपॉडकडे तो टप्पाच नाही. चिखलात जन्मला तर बहुतेक वेळा त्याच चिखलात वाढतो आणि तिथेच मरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वर्गीकरण. जगात ॲम्फिपॉडच्या दहा हजारांहून जास्त जातींना नावं मिळालेली आहेत. पूर्वी त्यांचे चार मोठे गट करायचे. गॅमारिडिया, म्हणजे आत्ता वर्णन केलं तसे. हायपेरिडिया, बऱ्याचदा प्रचंड डोळ्यांचे, जेलीफिशसारख्या पारदर्शक प्राण्यांवर राहणारे. कॅप्रेलिडिया, म्हणजे काडीसारखे बारीक, पोट जवळजवळ नाहीसं झालेले. देवमाशाच्या कातडीला चिकटून राहणारी ‘व्हेल लाऊस’ही यांच्याच नात्यातली. आणि चौथा इंगोल्फिएलिडिया, वाळूच्या कणांमधल्या फटींत राहणारे किरकोळ अंगाचे.

अडचण अशी की गॅमारिडिया हा गट ‘इतर’ लिहिलेल्या ड्रॉवरसारखा झाला होता. कुठेच बसत नाही ना, मग टाका इथे. जेम्स लॉरी आणि ॲलन मायर्स या दोघांनी तो ड्रॉवर उपसायला घेतला. २०१३ साली त्यांनी सेंटिकॉडाटा नावाचा मोठा उपगण वेगळा काढला. खूण काय? पहिल्या दोन यूरोपॉडच्या टोकाला असलेले जाड काटे. बस्स, शेपटीकडच्या पायाच्या टोकाचा काटा! २०१७ साली त्यांनी ॲम्फिपॉडचे सहा उपगण मांडले आणि इंगोल्फिएलिडना बाहेर काढून स्वतंत्र गणाचा दर्जा दिला.

तुम्ही म्हणाल, काट्यावरून एवढं? मग सांगते हे काम कसं चालतं. मायक्रोस्कोपखाली बारीक सुईने एकेक पाय, तोंडाचा एकेक भाग सुटा करतात. स्लाइडवर ठेवतात आणि प्रत्येकाचं चित्र काढतात. आपल्याकडे कसं, असेंब्लीचं एक ड्रॉइंग आणि प्रत्येक पार्टचं वेगळं डिटेल ड्रॉइंग, अगदी तसं. बऱ्याच जातींत खरी ओळख नराच्या दुसऱ्या नॅथोपॉडच्या आकारावर ठरते. माद्या आणि पिल्लं पुष्कळदा सारखीच दिसतात. नवी जात असेल तर ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो एक नमुना कायमचा जपायचा, त्याला होलोटाइप म्हणतात. उद्या कुणाला शंका आली तर त्याच्याशी ताडून बघायचं. आमच्या भाषेत मास्टर पीस.

आपल्या देशात हे काम जुनं आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सागरी सर्वेक्षणाच्या जहाजावरचे डॉक्टर जी. एम. जाइल्स यांनी १८८०च्या दशकात भारतीय समुद्रातल्या ॲम्फिपॉडची वर्णनं लिहिली. चिल्टन यांनी १९२१ साली चिलिका सरोवरातल्या ॲम्फिपॉडवर लिहिलं, बर्नार्ड यांनी १९३५ साली कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले नमुने तपासले. आणि के. नागप्पन नायर यांनी १९५९ साली मद्रासच्या किनाऱ्यावरच्या ॲम्फिपॉडवर सविस्तर काम प्रसिद्ध केलं. आजही या किनाऱ्यावरचा ॲम्फिपॉड ओळखायला बसलं की ही जुनी चित्रं उघडावी लागतात.

आता मूळ प्रश्न: एवढं सगळं कशासाठी?

मघाशी पिशवीचं सांगितलं ते आठवा. ॲम्फिपॉड लांब जात नाही. चिखलात राहतो, चिखलातलं खातो, आणि त्यातल्या बऱ्याच जाती तेल, जड धातू, कीटकनाशकं यांना लवकर बळी पडतात. त्यामुळे तिथे काय झालं ते त्याच्या असण्या-नसण्यावरून कळतं. १९७८ साली फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर ‘अमोको कॅडिझ’ हे तेलवाहू जहाज फुटलं. तिथल्या एका खाडीच्या तळाशी ॲम्पेलिस्का नावाच्या ॲम्फिपॉडची दाट वस्ती होती, ती जवळजवळ पुसली गेली. पूर्ववत व्हायला दहाहून जास्त वर्षं गेली, कारण बाहेरून तरंगत येणारी पिल्लंच नाहीत. पुढे युरोपात एक निर्देशांकच तयार झाला: चिखलात प्रदूषण सोसणारे पॉलिकीट किडे किती आणि ॲम्फिपॉड किती, याचं गुणोत्तर. किडे वाढले आणि ॲम्फिपॉड घटले, की धोक्याची घंटा.

हा आहे आपला दुसरा संबंध. चाकणचा माल एक्स्प्रेसवेने न्हावाशेवाला जातो. ७ ऑगस्ट २०१० रोजी तिथून निघालेल्या ‘एमएससी चित्रा’ या कंटेनर जहाजाची मुंबईजवळ दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली. कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडलं. आणि आपलं पाणी बघा, ते उलट दिशेला जातं. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीला मुळेत जाते आणि तिचं पाणी पुढे मुळा-मुठेतून भीमेतच येतं. भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. माल पश्चिमेच्या समुद्रात, सांडपाणी पूर्वेच्या. समुद्र लांब आहे म्हणून आपण सुटलो, असं नाही.

म्हणजे ॲम्फिपॉड हा एक गेज आहे. आणि गेज म्हटलं की क्वालिटीवाल्यांचा पहिला प्रश्न काय असतो? कॅलिब्रेशन आहे का? गेजवर नंबर नसेल, तो कुठला आहे हेच माहीत नसेल, तर रीडिंगला किंमत शून्य.

याचं खरं उदाहरण सांगते. हायालेला अझ्टेका नावाचा गोड्या पाण्यातला ॲम्फिपॉड अमेरिकेत गाळाचं विषारीपण तपासायला सर्रास वापरतात. गाळात सोडायचा, जगतो की मरतो बघायचं. पण नंतर लक्षात आलं की ही एक जात नाहीच, दिसायला सारख्या अनेक जातींचं ते एक टोपलं आहे. २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. पायरेथ्रॉइड कीटकनाशकं, म्हणजे आपल्या घरातल्या मच्छर मारायच्या लिक्विडमध्ये असतात त्याच कुळातली, शेतातून आणि शहरातून तिथल्या ओढ्यांत उतरत होती. काही ओढ्यांतले हायालेला त्यांना सरावले होते. प्रयोगशाळेतला हायालेला ज्या मात्रेत मरतो, त्याच्या शेकडो पट मात्रा हे सहन करत होते. आणि ही ताकद वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आलेली होती.

आता विचार करा. कुणी ओढ्यावर गेलं, हायालेला जिवंत दिसला, आणि ‘पाणी चांगलं’ म्हणून सही केली. प्राणी खरा, निरीक्षण खरं, पण निष्कर्ष चुकीचा. कारण हातात कोण आहे, त्याचा वंश कोणता, हे तपासलंच नाही. वर्गीकरणाची गरज तिथे लागते. काटे मोजणं, पायांची चित्रं काढणं, मास्टर पीस जपणं, हे सगळं प्रदूषणाच्या प्रत्येक रिपोर्टच्या पायाशी असतं. ते नसेल तर वरचा रिपोर्ट म्हणजे स्टिकर नसलेल्या व्हर्नियरवर घेतलेलं माप.

आणि माणसाचा पसारा पोहोचत नाही अशी जागा आता उरली नाही. मारियाना गर्तेत, सहा किलोमीटरहून खोल, सापडलेल्या एका ॲम्फिपॉडच्या पोटात प्लॅस्टिक मिळालं, पाण्याच्या बाटल्या बनतात त्या पेटशी मिळतंजुळतं. २०२० साली त्याचं बारसं झालं तेच युरिथेनीस प्लास्टिकस या नावाने.

तुम्ही काय करू शकता? पुढच्या वेळी अलिबाग, काशीद, हर्णै, कुठेही गेलात तर भरतीच्या रेषेजवळ वाहून आलेलं शेवाळ हळूच उचला. खाली काही टुणकन उडालं तर तो बहुतेक ॲम्फिपॉडच. पांढऱ्या वाटीत थोडं समुद्राचं पाणी घेऊन त्यात सोडा, मोबाइलचा मॅक्रो मोड लावा आणि बाजूने फोटो काढा, वरून नको. डोळा, नॅथोपॉड आणि शेपटीकडचे पाय दिसले पाहिजेत. जागा आणि तारखेसकट आयनॅचरलिस्टवर टाका. मग प्राणी होता तिथे सोडा, आणि दगड उलटला असेल तर पुन्हा सुलटा करा, कारण त्याखाली कुणाचं तरी घर असतं.

फोटोवरून नेमकी जात बहुधा ठरणार नाही, ते काम मायक्रोस्कोपवाल्यांचं. पण कुठे, कधी, काय दिसलं, ही नोंद तुमच्या नावावर राहील. आणि कॉलेजात झूऑलॉजी घेऊन ‘पुढे काय’ म्हणून बसलेले कुणी ऐकत असाल, तर सांगते: पाय मोजणारी माणसं कमी आहेत, आणि मोजायचे पाय खूप आहेत.

आजचा भाग इथेच थांबवू. बसमधल्या शेजाऱ्याला विचारून बघा, ॲम्फिपॉडला पायांच्या जोड्या किती? तेरा म्हणाला तर त्याने हा भाग ऐकलाय. भेटू पुढच्या आठवड्यात.