एका खेड्याचा जमाखर्च

शास्त्रज्ञ म्हटला म्हणजे तो प्रयोगशाळेंत बसलेला असावयाचा आणि समाजाचा अभ्यासक म्हटला म्हणजे ग्रंथालयांत, अशी सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवीं इ. स. १९१४-१५ च्या सुमारास जें संशोधन झालें, त्यानें ही समजूत दोन्ही बाजूंनीं खोटी पाडली. संशोधन करणारे गृहस्थ पेशानें रसायनशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या कृषि-महाविद्यालयाची धुरा त्यांच्याकडे होती. आणि त्यांनीं हातीं घेतलेला प्रश्न मात्र असा होता कीं, या गांवांतील शेतकऱ्याचें पोट त्याच्या शेतावर भरतें किंवा नाहीं?

त्यांचें नांव डॉ. हॅरॉल्ड मॅन. जन्म १८७२ चा, इंग्लंडांतील यॉर्क शहरचा. हा जन्मगांवाचा उल्लेख केवळ चरित्राच्या हौसेनें केलेला नाहीं. याच यॉर्क शहरांत सीबोम राउंट्री यांनीं घरोघर चौकशी करून १९०१ सालीं आपला दारिद्र्यविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि शहरांतील शेंकडा सुमारें २८ माणसें दारिद्र्यांत असल्याचें दाखवून दिलें. माणसाचें शरीर कामास योग्य राहण्यासाठीं अन्न, वस्त्र व निवारा यांस किमान किती खर्च लागतो, तो आधीं ठरवावयाचा आणि मग प्रत्येक कुटुंबाची मिळकत त्या मापानें मोजावयाची, ही त्यांची पद्धत. डॉ. मॅन यांनीं ती शहराबाहेर काढली. बेडफर्डशरमधील रिजमाँट या लहानशा शेतकरी गांवास त्यांनीं ती लावून पाहिली आणि पुढें १९०७ सालीं पुण्यास आल्यावर तोच गज त्यांनीं दख्खनच्या मातीवर टेकविला.

परंतु गज तोच असला तरी मोजावयाची वस्तु निराळी होती. विलायतेंतील मजुराची मिळकत आठवड्याच्या पगारांत सांपडते. पिंपळ्याच्या कुणब्याची मिळकत कोठें शोधावयाची? त्याची बाजरी बाजारांत न जातां घरच्या जात्यांत जाते. कडबा स्वतःच्याच बैलांच्या दावणींत पडतो. बायकामुलांच्या राबण्याची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं. आणि कर्जाचा खरा आंकडा तर शेतकरी भावालाहि सांगत नाहीं, मग साहेबास कोठून सांगणार! म्हणून अशा चौकशीस एका दिवसाची स्वारी पुरत नाहीं. महाविद्यालयांतील सहकाऱ्यांच्या साहाय्यानें डॉ. मॅन यांनीं गांवची जमीन, पाणी, पिकें, गुरें, खातीं, मजुरी आणि देणीं या सर्वांचा तपास केला व तो १९१७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेंत प्रसिद्ध झाला.

त्यांतील कांहीं आंकडे ऐकण्यासारखे आहेत. जुन्या दप्तरांवरून असें दिसलें कीं, १७७१ सालीं या गांवांत एका खात्याची सरासरी जमीन ४० एकर होती. १८१८ सालीं, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षीं, ती १७॥ एकरांवर आली आणि १९१४-१५ सालीं ती अवघी ७ एकर उरली. खातेदार १५६ आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे ७१८! या तुकड्यांपैकीं ४६३ एकराहून लहान व ११२ तर पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून लहान. बापाच्या चार शेतांपैकीं प्रत्येक शेतांत प्रत्येक मुलाचा वांटा पडावयाचा, ही वांटणीची रीत न्यायाला धरून खरी. पण त्या न्यायापायीं बांध वाढले, बैल एका तुकड्यावरून दुसऱ्यावर हिंडूं लागले आणि विहीर खणावी एवढी सलग जमीन कोणाच्याच हातीं राहिली नाहीं.

याहूनहि गंभीर निष्कर्ष कुटुंबांविषयींचा होता. तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकीं केवळ ८ कुटुंबें शेतीच्या बळावर नीट उभीं होतीं. आणखी २८ कुटुंबें बाहेरच्या मिळकतीचा हात लागल्यामुळें कशीबशी तरत होतीं. बाकीचीं ६७ कुटुंबें शेती आणि बाहेरचें काम दोन्ही धरूनहि किमान गरजेच्या खालीं होतीं. आणि हें गांव पुणें-खडकीच्या शेजारचें, जेथें रोजगाराची सोय त्यांतल्या त्यांत बरी! पुढें १९२१ सालीं डॉ. मॅन व श्री. कानिटकर यांनीं शहरापासून दूर असलेल्या जातेगांव बुद्रुक या कोरडवाहू गांवाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां तेथील स्थिति पिंपळ्याहूनहि बिकट आढळली.

आतां रोग ठरला, असें पुष्कळांस वाटलें. तुकडे झाल्यामुळें शेतकरी दरिद्री झाला. तेव्हां तुकडे जोडा, पुढील वांटणीस बंदी घाला, म्हणजे काम झालें. हा उपाय इतका सरळ दिसतो कीं, त्याविषयीं शंका घेणें हीच विद्वत्तेची खरी कसोटी होती. ती शंका घेतली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं. १९१८ सालीं एका अर्थशास्त्रीय नियतकालिकांत त्यांनीं हिंदुस्थानांतील लहान खात्यांवर निबंध लिहिला, आणि त्यांत पिंपळ्याचे हेच आंकडे पुढें घेतले. त्यांचें म्हणणें असें कीं, एखादें शेत कुटुंबास पुरतें कीं नाहीं, यावरून तें लहान कीं मोठें हें ठरवूं नये. शेत हें उत्पादनाचें साधन आहे. त्यास जोडलेलें भांडवल व श्रम यांच्या प्रमाणांत तें पाहावें. ज्याच्याजवळ अवजारें नाहींत, बैल नाहींत, खतास पैसा नाहीं, त्याला आहे तेवढीच जमीन मोठी आहे! जमिनीचे तुकडे हें दुखण्याचें लक्षण. मूळ दुखणें हें कीं, दुसरा धंदा नसल्यामुळें असंख्य हात त्याच जमिनीला लोंबकळत आहेत. हे हात कारखान्यांकडे वळल्याखेरीज नुसत्या जोडणीनें कांहीं साधणार नाहीं, असा त्यांचा निर्णय होता.

डॉ. मॅन यांच्या मोजणीस यामुळें कमीपणा येत नाहीं. ज्यानें आंकडे इतक्या चोखपणें मांडले कीं विरोधी मतालाहि त्यांचाच आधार घ्यावा लागला, त्याच्या कामाला याहून मोठी पावती कोणती? पुण्यांतील अस्पृश्य वस्तीच्या राहणीविषयींहि त्यांनीं लिहिलें, हें येथें सांगून ठेवावयास हवें. कारण खातेदारांची मोजणी करतांना ज्यांच्या नांवें खातेंच नाहीं अशा माणसांचा विसर पडणें फार सोपें असतें. मायदेशीं परतल्यावर वूबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर ते वृद्धपणापर्यंत काम करीत राहिले व १९६१ सालीं वारले. त्यांचे सामाजिक लेख डॅनियल थॉर्नर यांनीं एकत्र करून १९६७ सालीं मुंबईस छापविले.

मुंबई राज्यांत तुकडेबंदीचा व जोडणीचा कायदा १९४७ सालीं झाला. कारखानेहि आले: पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ सालीं उभा राहिला आणि त्यामागून औद्योगिक वसाहत वाढली. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आहे. जेथें जमीन गुंठ्यांनीं मोजीत, तेथें ती आतां चौरस फुटांनीं विकली जाते. बाकीच्या महाराष्ट्राची गोष्ट निराळी. कृषि-गणनेप्रमाणें १९७०-७१ सालीं राज्यांत एका खात्याची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर, म्हणजे साधारण साडेदहा एकर होती. २०१५-१६ सालच्या गणनेंत ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास भरली. पिंपळ्यास हाच प्रवास १७७१ पासून मोजण्यांत आला होता.