पाण्याचा ताळेबंद आपणही मांडू

आम्ही निलंग्याच्या बचत गटातल्या मैत्रिणी.

एप्रिल २०१६ आठवतो ना? मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० टाक्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. आम्ही बसून हिशेब घातला. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर रानावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर पाणी होतं. म्हणजे ५० मिलिमीटर पावसात त्या अख्ख्या गाडीचं पाणी आपल्या अडीच एकरावर पडतं. अडवलं नाही, तर बरंचसं ओढ्यानं तेरणेला, मांजरेला निघून जातं.

२०१८ साली जागतिक बँकेच्या मदतीनं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्यालाच पोकरा म्हणतात. लातूर जिल्ह्यातली गावंही त्यात घेतली. ही मदत कर्जाची आहे, ती फेडावी लागते. म्हणून ती वाया जाऊ नये.

त्यातली पाण्याच्या ताळेबंदाची रीत आम्हाला पटली. पाऊस किती पडला, किती अडला-मुरला, माणसांना, जनावरांना, पिकांना किती लागेल, ते मांडायचं. तूट दिसली, तर ऊस लावायचा की हरभरा-ज्वारी पेरायची, हे आधीच ठरवायचं.

हंडा आपण वाहतो. मग ताळेबंद मांडताना आपण घरी का बसायचं? येत्या ग्रामसभेत सगळ्या मिळून विचारू: गावात पाणी किती आहे, आणि त्यातलं प्यायचं आधी बाजूला काढलं का?