उपदेश आणि विचारपूस

आजचा विषय ऐकून कांहीं घरांत रेडिओचा आवाज कमी केला जाईल, हें मी जाणून आहें. शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या रोगांना आपण ‘गुप्तरोग’ असें नांव दिलें, आणि नांवाप्रमाणेंच ते लपवून ठेवले. मी वैद्य नव्हे. सोलापुरांत छत्तीस वर्षें मुलांना गणित शिकविलेला एक निवृत्त मास्तर आहें. परंतु या विषयांत माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगावी म्हणूनच मीं आजचें निमंत्रण स्वीकारलें.

कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळीं घरीं आला. पुणें-हैदराबाद रस्त्यावर मालमोटार चालविणें हा त्याचा व्यवसाय. लग्नाला वर्षही झालें नव्हतें. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून, परगांवीं पाऊल घसरलें व आतां अंगावर चट्टे उठले आहेत, असें त्यानें खालच्या मानेनें सांगितलें. मीं काय केलें? पाऊण तास उपदेश केला. संयम, कुळाची अब्रू, आईबापांचे कष्ट, जें जें मला येत होतें तें सारें सांगितलें. तो ‘होय गुरुजी, होय गुरुजी’ म्हणत राहिला आणि नमस्कार करून निघून गेला. आपलें कर्तव्य पार पडलें, असें मला वाटलें.

‘दवाखान्यांत गेलास का?’ हा एक प्रश्न मात्र मीं विचारला नाहीं. तो गेला होता, पण भिंतींवर जाहिराती रंगविणाऱ्या एका भोंदूकडे. पुढें चट्टे मावळले. गरमीच्या रोगांत ते औषधावांचूनही मावळतात. रोग मात्र शरीरांत राहतो. संकोचापायीं त्यानें पत्नीस कांहीं सांगितलें नाहीं, आणि ती बिचारी तपासणीस गेली नाहीं. सातव्या महिन्यांत तिला मृत मूल झालें. तेव्हां कोठें दोघांचें रक्त तपासलें गेलें, व उभयतांस गरमी असल्याचें निष्पन्न झालें. जो रोग पेनिसिलिनच्या इंजेक्शनानें बरा होतो, त्यानें एक जीव नेला. माझ्या त्या पाऊण तासांत तो वाचविण्यापुरता वेळ होता, ही गोष्ट मला आजही झोंपूं देत नाहीं.

वर्षभरानें तो पुन्हां आला. म्हणाला, “गुरुजी, सरकारी दवाखान्यांतल्या बाईंनीं मला रागें भरलें नाहीं. नुसतें विचारीत गेल्या.” त्या बाई म्हणजे तेथील समुपदेशक. मुक्काम कोठें पडतो? त्या वेळीं बरोबर कोण असतें? दारू घेतल्यावर निरोधाची आठवण राहते का? आणि शेवटीं, पुढच्या फेरीपुरतें तुम्हांला काय जमेल? उत्तर त्याचें त्यानेंच काढलें. मुक्कामाच्या रात्रीं दारू घ्यावयाची नाहीं; निश्चय ढळलाच, तर गाडींत निरोध असावा; आणि दिलेल्या तारखेस परत यावयाचें. तो परत गेला, पुनःपुन्हां गेला. दोघांचे उपचार पुरे झाले.

हा एकट्याचा अनुभव नव्हे. अमेरिकेंतील पांच शहरांच्या दवाखान्यांत ५,७५८ रुग्णांचा केलेला एक अभ्यास १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना माहितीचे दोन छोटे पाठ दिले. कांहींशीं दोनदां, वीस-वीस मिनिटें, त्यांच्या स्वतःच्या अडचणींविषयीं संभाषण केलें. संभाषण झालेल्यांत नव्या संसर्गाचें प्रमाण सहा महिन्यांनीं सुमारें ३० टक्के, व वर्षानंतर सुमारें २० टक्के कमी आढळलें. उलट, चाचणीच्या वेळीं एकदांच केलेल्या संक्षिप्त संभाषणाचा असा गुण २०१३ सालच्या दुसऱ्या अभ्यासांत दिसला नाहीं. मला यांत मास्तरकीचाच जुना धडा दिसतो. एकदां सांगून गणित येत नाहीं. मुलानें तें स्वतः सोडवावें लागतें, आणि वही पुन्हां तपासावी लागते.

प्रश्नाला सरळ उत्तर देणें आपल्याकडे महाग पडलेलें आहे. १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढणारे र. धों. कर्वे हेही गणिताचेच प्राध्यापक. या कार्यापायीं त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. त्यांत वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ सालीं खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर बचावास उभे राहिले, तरी दंड झालाच.

आज परिस्थिति पालटली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या व जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नांवानें या रोगांची तपासणी, औषधोपचार व समुपदेशन मोफत मिळतें. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनि करून माहिती विचारतां येते. एच. आय. व्ही. ची चाचणी संमतीनेंच व्हावी आणि तिचा निकाल गुप्त राहावा, असें २०१७ चा कायदा सांगतो. त्या विषाणूवरील औषधें २००४ पासून सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. तीं नियमित घेऊन ज्याच्या रक्तांतील विषाणू चाचणींत न दिसण्याइतका कमी होतो व तसाच राहतो, त्याच्याकडून शरीरसंबंधांतून तो दुसऱ्यास जात नाहीं. स्त्रियांना तर अनेकदां यांपैकीं कित्येक रोगांचें कांहींच लक्षण जाणवत नाहीं. म्हणून पतीबरोबर पत्नीचीही तपासणी व्हावयास हवी.

श्रोतेहो, नीति सांगूं नये असें मी म्हणत नाहीं. संयमाचें मोल मी आजही मानतों. पण ताप चढलेल्या मुलाला आपण आधीं औषध देतों, पावसांत कां भिजलास हें मागाहून विचारतों. तुमचा मुलगा, भाचा, एखादा जुना विद्यार्थी खालच्या मानेनें तुमच्यापुढें येऊन बसला, तर पहिलीं पांच मिनिटें आपल्या जिभेस आवरा. त्याला विचारा, तपासणी झाली का? घरीं कुणाला धोका आहे का? मी बरोबर येऊं का? उपदेशाला पुढें सारें आयुष्य पडलें आहे.