बारदानाचा धंदा आणि कामगारांचा प्रश्न



आजचा विषय वाचून पुष्कळांना वाटले असेल की, ताग पिकतो बंगालात, गिरण्या हुगळीच्या काठी. मग त्याचे व्याख्यान महाराष्ट्रात कशाला? त्याचे उत्तर आपल्या रेशनच्या दुकानात आहे. सरकार जो गहू-तांदूळ खरेदी करते, तो तागाच्या पोत्यात भरावा असा कायदा आहे. साखरेचाही पाचवा हिस्सा तागाच्या पोत्यात भरण्याचे बंधन अलीकडच्या वर्षांत आहे, हे आपल्या साखर कारखान्यांना सांगायला नको. सरकार दरसाल सुमारे 12,000 कोटी रुपयांची पोती विकत घेते. हा पैसा तुमचा-आमचा आहे. आणि ज्याचा पैसा, त्याने हिशेब विचारावा.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपला शेतकरी ज्याला ताग म्हणतो आणि फुलावर येताच हिरवळीच्या खतासाठी जमिनीत गाडतो, तो निराळा. बंगालच्या तागाला तिकडे 'पाट' म्हणतात. चारएक महिन्यांत तो माणसाच्या डोक्यावर जातो. मग कापून, जुड्या बांधून तो दोन-तीन आठवडे साचलेल्या पाण्यात कुजत घालावा लागतो. पुढे शेतकरी कमरेएवढ्या घाण पाण्यात उभा राहून हाताने एकेक काडी सोलतो व धागा धुऊन वाळवतो. पाऊस ओढ देऊन गेला की कुजवायला पाणी नाही. पाणी थोडे आणि गढूळ असले की धागा काळवंडतो, प्रत उतरते आणि भावही उतरतो. जो माल हाती घेताना आपण नाक मुरडतो, त्यामागे एवढे कष्ट असतात.

गिरणीचा इतिहास थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडातील डंडी गावच्या गिरणीवाल्यांना व्हेल माशाच्या तेलाने हा राठ धागा मऊ करण्याची युक्ती सापडली. 1853 साली क्रिमियाचे युद्ध पेटले, रशियाकडून येणारे अंबाडी-जवसाचे धागे अडले आणि तागाला मागणी आली. 1855 साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे जॉर्ज ॲकलंड याने पहिली गिरणी काढली. पुढे कलकत्त्याने डंडीलाही मागे टाकले. जगाचे धान्य, कॉफी, लोकर बंगालच्या पोत्यातून फिरू लागली. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे रचायच्या वाळूच्या पिशव्यांनी मालकांना अफाट नफा दिला. एक गोष्ट ध्यानात ठेवा : दुसऱ्याचा माल वाहणे हाच या धंद्याचा जन्मापासूनचा व्यवसाय. दुसऱ्याची गरज सरली की याचे पोट उपाशी.

1884 हे साल आम्हांला फार बोधप्रद वाटते. त्या साली कलकत्त्याच्या ताग-गिरणी मालकांनी आपली संघटना उभारली, आणि दोनच वर्षांत सर्वांनी मिळून गिरण्या कमी वेळ चालवायच्या, माल आखडायचा आणि भाव टिकवायचा, असे करार सुरू केले. त्याच 1884 साली मुंबईत परळच्या मैदानावर नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना गोळा करून आठवड्याची सुटी आणि दुपारची विश्रांती मागत होते. म्हणजे मालकाला एकी सुचली ती भाव टिकवण्यासाठी, आणि कामगाराला ती करावी लागली अर्धा तास जेवायला मिळावा म्हणून! बंगालच्या गिरणीत बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा, आंध्र येथून आलेला कामगार सरदाराच्या मुठीत असे. भरतीला पैसे, बदलीला पैसे. आपल्या मुंबईचा जॉबर त्याचाच सख्खा भाऊ. 1929 आणि 1937 साली तेथल्या कामगारांनी मोठे सार्वत्रिक संप केले, त्याची मुळे या जाचात आहेत.

1947 साली देशाची फाळणी झाली आणि या धंद्याचे दोन तुकडे झाले. गिरण्या सगळ्या इकडे, तागाची बहुतेक उत्तम जमीन तिकडे. 1949 साली भारताने रुपयाची किंमत उतरवली, पाकिस्तानने उतरवली नाही, आणि कच्च्या मालाचा व्यापार अडला. मग पश्चिम बंगाल, आसाम, बिहार येथे तागाची लागवड वाढवण्यात आली. तिकडे नारायणगंजला 1951 साली आदमजी गिरणी उभी राहिली. हे संकट निभावते तोच प्लॅस्टिकचे धागे आले. अमेरिकेत गालिच्यांच्या पाठीला लागणारे तागाचे कापड गेले, परदेशची गिऱ्हाइके गेली. 1980 साली सरकारने सहा आजारी गिरण्या आपल्या महामंडळाकडे घेतल्या. 2018 साली ते महामंडळच बंद करण्याचा निर्णय झाला.

उरलेला धंदा जगला तो 1987 च्या सक्तीच्या कायद्यावर. गिरण्यांच्या उत्पादनापैकी सुमारे 75 टक्के माल पोत्यांचा, आणि त्यातली 85 टक्के पोती सरकारी धान्य खरेदीला जातात. 3.7 लाख कामगार आणि सुमारे 40 लाख शेतकरी कुटुंबे यावर जगतात, असे सरकारच सांगते. आता आम्हांला विचारायचे आहे ते एवढेच : गिऱ्हाईक बांधलेले, दर सरकारच्या सूत्राने ठरवलेला, एवढी हमी जर मालकाला आहे, तर त्याच गिरणीतला माणूस बदली आणि कंत्राटी का? निवृत्त झालेला कामगार ग्रॅच्युइटीसाठी दारात का बसतो? हमी दारापर्यंत येते आणि आत का शिरत नाही?

हमीचे घोडे कोठे अडते, ते एका उदाहरणावरून दिसेल. सप्टेंबर 2021 मध्ये कच्च्या तागाला क्विंटलमागे 6,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली. बाजारभाव तिच्या वर होता. त्या दरात माल मिळेना आणि पोत्याचा दर मात्र त्याच हिशेबाने. काही गिरण्यांना टाळे लागले, कामगार घरी बसले. मे 2022 मध्ये मर्यादा उठली. चुकलेल्या आकड्याची भरपाई कोणी केली? रोजी बुडालेल्या माणसाने! उलट, भाव पडतो तेव्हा शेतकऱ्याला आधारभूत किंमत असते. 2025-26 साठी ती 5,650 रुपये होती. पण खरेदी केंद्र दूर असेल आणि घरात पैशाची निकड असेल, तर तो माल गावच्या व्यापाऱ्यालाच घालणार. कापसाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची जरुरी नाही.

कोणी म्हणेल, सारा दोष बांगलादेशच्या स्वस्त मालाचा आहे. 2017 पासून त्यावर जादा कर बसला. जून 2025 मध्ये तर तिकडचा ताग-माल जमिनीवरच्या नाक्यांवरून बंद करून फक्त आपल्या न्हावा-शेवा बंदरातून आणण्याचा हुकूम निघाला. बंगालच्या सीमेपलीकडचा माल उरणला वळसा घेऊन यावा! संरक्षणाला आमचा विरोध नाही. परंतु तिकडचा कामगार आमचा वैरी नव्हे. आदमजी गिरणी 2002 साली बंद झाली, आणि 2020 साली तेथील सरकारने एकदम 25 गिरण्या बंद केल्या. भिंत बांधल्याने कोणाचे घर वाचले, हे भिंतीच्या दोन्ही बाजूंना जाऊन पाहावे.

मग करावे काय? कायदा रद्द करा, असे आम्ही म्हणणार नाही. प्लॅस्टिक जमिनीत शतकानुशतके पडून राहते, ताग मातीत मिसळतो. लोकांच्या पैशाने ताग विकत घेणे हे लोकांच्याच हिताचे आहे. पण त्या खरेदीला अट हवी. जी गिरणी कायम काम देईल, भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरील, निवृत्ताचे पैसे चुकते करील, तिलाच पोत्यांची मागणी मिळावी. शेतकऱ्यासाठी गावाजवळ खरेदी केंद्र आणि कुजवण्यासाठी स्वच्छ पाण्याची तळी व्हावीत. नवी यंत्रे यावीत. परंतु कामगाराला ती शिकवून आणावीत, त्याला काढून नव्हे. आणि पोत्याखेरीज दुसरा माल, जमिनीची धूप थांबवणारे कापड, पिशव्या, जाजमे, हा शोभेपुरता न राहता धंद्याचा दुसरा पाय व्हावा.

शेवटी एक इशारा. मुंबईत 1982 च्या संपानंतर काय झाले ते आपण पाहिले. 1991 च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या झाल्या, आणि कापडापेक्षा जमीन मोलाची ठरली. हुगळीच्या काठच्या गिरण्याही नदीकाठच्या मोलाच्या जमिनीवर उभ्या आहेत. तेथील कामगारांना आमचे सांगणे आहे की, गिरणीचे दार बंद होण्याची वाट पाहू नका. जमिनीचा हिशेब आजच मागा. आणि येथे बसलेल्या आपणां सर्वांना विनंती की, धान्याच्या पोत्यावरचा सरकारी शिक्का दिसला म्हणजे तो आपल्या पैशाचा शिक्का आहे, हे ओळखा आणि आपल्या प्रतिनिधींना विचारा : या पोत्याचे पैसे ते विणणाऱ्यापर्यंत पोहोचले काय?