'आम्ही' आणि 'मी'
(मंडळाच्या डंडॉक येथील कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही कोणी तज्ज्ञ नाही. एमबीएला अर्ज करणाऱ्या आपल्या मुलामुलींना घरी बोलावून, चहा पाजून सरावाची मुलाखत घेणारे आम्ही तिघं-चौघं, एवढीच आमची ओळख.

इन्सियाड किंवा लंडन बिझनेस स्कूलसारख्या संस्थांत मुलाखत बहुधा माजी विद्यार्थी घेतात. इन्सियाडला तर सहसा दोन वेगवेगळ्या माजी विद्यार्थ्यांना भेटावं लागतं. ही माणसं आपली नोकरी सांभाळून, एक पैसाही न घेता तासभर देतात. अनेकदा त्यांच्या हातात फक्त तुमचा बायोडेटा असतो. तुम्ही जागून लिहिलेले निबंध त्यांनी वाचलेले नसतात. ते आपला अहवाल पाठवतात, निर्णय प्रवेश समिती घेते.

प्रत्यक्ष भेटायचं तर आपल्याला बहुधा डब्लिन गाठावं लागतं. बेलफास्टही जवळजवळ तेवढ्याच अंतरावर, पण ते युनायटेड किंगडममध्ये. इथे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्याला तिथे जायला वेगळा व्हिसा लागतो. वाटेत कोणी अडवत नाही, म्हणून तो लागत नाही असं नव्हे! तेव्हा भेटीचं ठिकाण आधीच नीट ठरवून घ्या.

आता मुख्य मुद्दा. आपल्यातली एक मुलगी पहिल्या वर्षी मुलाखतीपर्यंत पोचली आणि तिथेच राहिली. घरी आईला तिने "बरी झाली" एवढंच सांगितलं. पुढच्या वर्षी ती आमच्याकडे आली. कामातला एखादा कठीण प्रसंग सांग म्हटलं, तर म्हणाली, "रात्रपाळीत मशीन बंद पडलं, आम्ही सकाळपर्यंत चालू केलं." "त्यात तू काय केलंस?" "आम्ही सगळ्यांनीच केलं." तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. मग हळूच म्हणाली, "त्यांनीही हेच विचारलं होतं."

अर्ध्या तासाने कळलं, की बिघाड नेमका कुठे आहे हे तिनेच शोधलं होतं आणि वरिष्ठांना रात्री दोन वाजता फोनही तिनेच केला होता!

मंडळी, 'मी मी' करू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. संस्कार चांगलाच आहे. पण समोरच्याला तुमच्या टीमला नाही, तुम्हाला ओळखायचं असतं. श्रेय सगळ्यांना द्या, पण आपला वाटा स्पष्ट सांगा.

तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. आपले चार खरे प्रसंग निवडा, त्यांतला एक फसलेला असू द्या. एमबीए कशाला, आत्ताच का, हीच संस्था का, याची उत्तरं मोठ्याने बोलून पाहा. त्यांच्या शिक्षणाबद्दल विचारायला दोन मनापासूनचे प्रश्न न्या. त्याच दिवशी दोन ओळींचे आभार कळवा.

त्या मुलीचा निकाल अजून यायचा आहे. तो काहीही येवो, या वेळी तिने आईला फोनवर सगळी मुलाखत सांगितली.

आपण सर्व देणगीदार आहात. आमचं मागणं पैशांचं नाही. वर्षातली एक संध्याकाळ द्या, समोर बसा आणि एखाद्या मुलाला विचारा, "त्यात तू काय केलंस?"