अक्षरांची ओळख आणि प्रत्यक्ष भेट



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या स्मृतिव्याख्यानासाठी संगणकाच्या जाळ्यावरील पहिल्या पिढीच्या मेळाव्यांचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु वडोदऱ्यासारख्या गावी राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींची एकमेकांशी ओळख पुष्कळदा आधी अक्षरांतून होते आणि भेट मागाहून घडते. मासिकातले नाव, पाकिटावरचे हस्ताक्षर यांवरून आपण मनात एक माणूस उभा करतो. ज्यांचा सारा समाजच अक्षरांतून जमला, त्यांनी भेटीचे काय केले, हा प्रश्न मला म्हणूनच परका वाटत नाही.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस, तसेच शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन या विद्यार्थ्यांनी टेलिफोनच्या तारेवरून एका संगणकाचे लेख दुसऱ्यावर पोहोचविण्याची योजना आखली. तिलाच पुढे ‘यूजनेट’ हे नाव मिळाले. सरकारी खर्चाने चालणारे अर्पानेट मोजक्या संस्थांपुरतेच होते. येथे फक्त युनिक्स प्रणालीचा संगणक आणि टेलिफोन एवढेच भांडवल पुरत असे. रात्री दर कमी झाले की एक यंत्र दुसऱ्याला दूरध्वनी करी आणि साठलेले लेख पुढे सरकत. दिवसाला एकदोन लेख येतील आणि केंद्रे फार तर ५० ते १०० होतील, असा कर्त्यांचा अंदाज होता. तो किती थिटा ठरला, हे सांगावयास नकोच.

माझ्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही, की या जाळ्याचे निमंत्रण माणसांच्या सभेत दिले गेले. जानेवारी १९८० मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे युनिक्स वापरणाऱ्यांची परिषद भरली होती. तेथे एलिस यांनी निमंत्रणाचा कागद वाटला. जे जाळे अंतर पुसावयास निघाले होते, त्याला पहिले सभासद मिळवण्यासाठी एका छताखाली यावे लागले.

पुढे या परिषदांतून एक प्रथा चांगलीच रुजली. दिवसभर निबंधवाचन होई. संध्याकाळी मात्र फलकावर कोणीही कागद डकवावा, विषय, वेळ आणि खोली लिहावी, आणि ज्यांना रस असेल त्यांनी जमावे. अशा बैठकांना ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’, म्हणजे एकाच जातीची पाखरे, असे खेळकर नाव पडले होते, लघुरूप ‘बॉफ’. अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत, आभारप्रदर्शन नाही. (आपल्या संमेलनांत मांडवाबाहेर चहाच्या टपरीवर जे चालते, त्याला त्यांनी खोली मिळवून दिली, इतकेच.)

अशा भेटीची गरज का भासावी? लेखनाला आवाजाचा सूर नसतो, हे त्याचे एक कारण. उपहास कोठला आणि राग कोठला, हे पडद्यावरच्या ओळीवरून कळेना, तेव्हा १९८२ च्या सप्टेंबरात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या स्कॉट फालमन यांनी विनोदासाठी एक खूण सुचविली. आपल्या विसर्गासारखे दोन ठिपके, एक आडवी रेघ आणि कंस: मान तिरकी केली की हसरा चेहरा! आजच्या मोबाईलवरील चेहऱ्यांच्या चित्रांआधीची ही खूण. परंतु चेहऱ्याची खूण म्हणजे चेहरा नव्हे.

दुसरे कारण विश्वासाचे. १९९१ साली फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ ही गुप्तलेखनाची प्रणाली लोकांपुढे ठेवली. तीत प्रत्येकाची एक जाहीर किल्ली असे; पण ती त्याचीच कशावरून? यावर उपाय म्हणून परिषदांच्या संध्याकाळी किल्ल्यांवर सही करण्याचे मेळावे भरू लागले. प्रत्येकाने आपल्या किल्लीची आकडे-अक्षरांची लांबलचक ओळख मोठ्याने वाचावी, इतरांनी कागदावरील मजकुराशी ती ताडून पाहावी, पासपोर्टवरचे छायाचित्र न्याहाळावे आणि घरी जाऊन तिच्यावर सही करावी. गणित कितीही पक्के असो, ‘हा माणूस मी पाहिला आहे’ ही साक्ष गणिताला देता येत नव्हती.

येथवर सारे गोड आहे. पण जो सभेला जाऊ शकतो, त्याच्या हाती सत्ता येते. यूजनेटचे लेख ज्या मोठ्या केंद्रांतून वाहत, त्यांचे व्यवस्थापक थोडे होते आणि एकमेकांना ओळखत. १९८६-८७ मध्ये सर्व चर्चागटांची नवी नावे आणि नवी वर्गवारी ठरली, तिच्यामागे त्यांचेच बळ होते. त्यांना लोक थट्टेने आणि थोड्या रागानेही ‘कंपू’ म्हणत. ७ मे १९८७ रोजी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील एका खाणावळीत ब्रायन रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट हे तिघे जमले आणि कंपूच्या वाटेने न जाणारी ‘अल्ट’ ही स्वतंत्र शाखा त्यांनी ठरविली. रीड यांचे दुखणे पाककृतींच्या गटाच्या नावाचे होते, हे ऐकून आपल्या सुगरणींना बरे वाटेल. बंडसुद्धा जेवणाच्या टेबलावरच झाले.

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी उपस्थित झाला आहे. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण मात्र महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या ग्रंथांत नाही, त्यांच्या सभेशी आपला मेळ बसत नाही, हा त्या पत्राचा आशय. त्या सभांपासून सुरू झालेली संमेलने आपल्या वडोदऱ्यातही १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली भरली. त्यांच्या इतिहासात मला मांडवातल्या भाषणांइतकेच मांडवाबाहेरचे हे पत्र महत्त्वाचे वाटते.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या आय.ई.टी.एफ. या मंडळींनी, ज्यांच्या परिषदांत बॉफ आजही भरतात, यावर एक तोड काढली. सभेत घेतलेला जो निर्णय आधी पत्रव्यवहारात चर्चिला गेला नसेल, किंवा तेथील मताहून फार वेगळा असेल, तो पुन्हा सर्वांच्या लेखी विचारासाठी ठेवलाच पाहिजे, असे त्यांच्या १९९८ च्या कार्यपद्धतीत नमूद आहे. सभेत मन मोकळे होते. जो येऊ शकला नाही, त्याचे मत लेखातच उमटते.

हे मी येथे सांगतो आहे, कारण आपल्या शाळेतील मराठी माध्यमाच्या उरलेल्या वर्गांचे काय करावयाचे, हा विषय माजी विद्यार्थ्यांच्या येत्या वार्षिक मेळाव्यापुढे आहे. मेळाव्यास शंभर माणसे येतात. हजारो माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईत, अहमदाबादेत, परदेशात विखुरलेले आहेत. कित्येक वृद्ध आहेत आणि मोबाईल वापरीत नाहीत. माझी कार्यकारिणीस जाहीर विनंती आहे की, मेळाव्यात जो ठराव होईल, तो लगेच अंमलात आणू नये. तो छापून टपालानेही पाठवावा, उत्तरासाठी दोन महिने द्यावेत, आणि आलेली उत्तरे, विरोधाची विशेषतः, याच पुस्तिकेच्या पुढील अंकात जशीच्या तशी प्रसिद्ध करावीत. टपालखर्चाचा माझा वाटा मी आजच कार्यवाहांकडे देत आहे.