सेल्फ खराब नव्हता
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



तुमच्यात डॉक्टर आहेत, बँकवाले आहेत. मी शहाडला मुरबाड रोडच्या कडेला डोझर दुरुस्त करतो. ‘तुझ्या कामाबद्दलच बोल’ असा संयोजकांचा हुकूम आहे, म्हणून जुन्या डोझरच्या वायरिंगबद्दल बोलतो.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. जुन्या मशीनचं इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरीवाचूनही चालत राहतं. वीज लागते ती मुख्यतः सेल्फ फिरवायला. पण तो फिरला नाही तर पंधरा-वीस टनांचं धूड जागेवर बसतं. रिक्षासारखं ढकलून सुरू होत नाही. मग मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘सेल्फ गेला.’

टिटवाळ्याकडच्या एका खाणीवर असंच झालं. पावसाळा तोंडावर. सेल्फ दोनदा बांधून आणलेला, बॅटऱ्या नव्या. १२ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये, मीटरवर २५.५. तरी सेल्फ कण्हत अर्धा फेरा घेई आणि थांबे.

इथे सरांचा ओहम येतो. करंट वाहत नसेल तर खराब जोडापलीकडेही व्होल्टेज पुरं दिसतं. म्हणून मोजायचं ते सेल्फ मारताना. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली आणि ऑपरेटरला चावी फिरवायला सांगितली. अर्धा व्होल्ट दिसला असता तर चाललं असतं. दिसले ६! ४०० अँपियरच्या वाटेत ०.०१५ ओहम आला की गुणाकार तुम्हीच करा. २४ मधले ६ व्होल्ट वाटेतच खलास.

इंजिन रबरी गाद्यांवर बसतं, म्हणून ते चासीशी जोडायला तांब्याची पट्टी असते. वरून ती रंगवलेली, झकास. बोल्ट काढला तर आत हिरवी, कल्हई गेलेल्या भांड्यासारखी कळकलेली. पॉलिश पेपर मारला, नवा बोल्ट, वर ग्रीस; पहिल्या चावीला सुरू. २६ जुलै २००५ला उल्हास नदीच्या पुरात उभ्या राहिलेल्या मशिनांचे जोड पुढे कितीतरी दिवस असेच एकेक करून निघत होते. आणखी एक खूण: सेल्फ मारताना एक्सिलेटरची केबल गरम झाली, तर करंट अर्थ सोडून त्या वाटेने जातोय.

एक गोष्ट मात्र रागाने सांगतो. स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे दोन खांब जोडून मशीन सुरू करणारे वस्ताद फार आहेत. गिअर पडलेला असेल तर मशीन सुरू होताच चालू लागतं, आणि हा बाबा चेनपाशी उभा! माझ्याकडच्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो: ब्लेड जमिनीवर, गिअर न्यूट्रल, आणि वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. ऐकत नाही त्याला घरी पाठवतो.

सर, प्रयोगशाळेसाठी एक जुना सेल्फ मधोमध कापून आणलाय. आर्मेचर, कार्बन, सोलेनॉइड सगळं दिसतं. बाहेर टेम्पोत आहे. उतरवायला दोघं-तिघं या, जड आहे.